चवीचा गुरुवार

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं, काही नसायचं, साधं 'मीठ सरकव' हेसुद्धा ओरडून. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. तिथे दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळायचा आणि एवढ्या वर्षांत त्याने दादांचे दोन्ही कान नेले. देहूरोडला आमचं घर दीड खोलीचं. लष्कराच्या हद्दीत सराव सुरू झाला की धडाधड आवाज यायचे, फळीवरची ताटं थरथरायची, आणि दादा खुशाल पेपर वाचत बसलेले. आई म्हणायची, यांच्या उशाशी तोफ लावली तरी हे कूस बदलणार नाहीत. मी मात्र प्रत्येक धडाक्याला दचकायचे. मी मुळात भित्री. पुढे लोक मला 'खमक्या बाई' म्हणायला लागले, समोरच्याला फाडून खाणारी वगैरे, ते ऐकून मला आजही हसू येतं. खमकी कसली डोंबलाची? अहो, पाल दिसली तर मी अजून खुर्चीवर चढते, आणि आता तर गुडघेही साथ देत नाहीत. त्या गुडघ्यांपायीच गेल्या वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि हे लिहायला सवड मिळाली.

मला शिक्षिकेची नेमणूक मिळाली तेव्हा आईने आळीभर पेढे वाटले. त्या वर्षी जिल्ह्यात बऱ्याच वर्षांनी भरती झाली होती. माझ्याबरोबर भीमाशंकरकडचा एक आदिवासी मुलगा होता, चाकणची एक मुसलमान मुलगी होती. आम्ही तिघं एकाच दिवशी तालुक्याला, राजगुरुनगरला हजर झालो. तिथल्या क्लार्कने आमची आडनावं वाचली, चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "यंदा सगळ्या प्रकारचा माल आलाय." तो हसला, म्हणून आम्हीही हसलो. का हसलो देव जाणे. आज तो माणूस समोर आला तर त्याची चांगली खरडपट्टी काढीन, पण तेव्हा हातात नेमणुकीचा कागद होता आणि तो परत घेतील की काय हीच धास्ती. कारण नोकरी पक्की नव्हती. तीन वर्षं परीक्षेवर ठेवायचे, आणि दरवर्षी हेडसरांचा आणि गावातल्या शाळा समितीचा शेरा बरा गेला तरच पुढचं वर्ष. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आदिवासी मुलगा परत आलाच नाही. त्याला म्हणे गावात खोली मिळेना, शाळेच्याच वर्गात झोपायचा. मुसलमान मुलीची शाळा वर्षभरात दोनदा बदलली. तिघांतली मी एकटी पहिल्या जागी टिकून होते, आणि उद्या आपलाही नंबर लागणार या भीतीत जगत होते.

माझी शाळा चाकणच्या अलीकडे, आत एका गावात. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून नांदती आहेत. गावाच्या एका अंगाला जुनी घरं आणि ज्वारीची रानं, दुसऱ्या अंगाला कंपन्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांनी चाळी बांधल्या होत्या, आणि त्या खोल्यांतून बिहारकडचे, युपीकडचे कामगार बायकापोरांसकट राहत. त्यांच्या पोरांना गावात 'रूमवाली पोरं' म्हणायचे. देहूरोडहून बसने तळेगाव, तिथून टमटम, मग फाट्यावरून पायी. रस्त्यात कुणी ना कुणी भेटायचंच, आणि प्रश्न ठरलेले. बाई आडनाव काय, गाव कोणतं, राहायला कुठं? तिसऱ्या प्रश्नापर्यंत समोरच्याला हवं ते कळलेलं असायचं, मग तो गोड हसून 'बरं बरं' म्हणायचा. वाईट कुणी कधी बोललं नाही. ते 'बरं बरं' मात्र दिवसभर कानात राहायचं.

डब्याचंही तसंच. आमच्याकडे सुकट आणि भाकरी म्हणजे जीव की प्राण. आई कांदा घालून सुकट परतायला लागली की शेजारची पोरं वाटी घेऊन यायची. पण शाळेच्या डब्यात आई मला कायम बटाट्याची भाजी द्यायची, आणि पोळीवर चमचाभर साजूक तूप. मी एकदा चिडून विचारलं, रोज काय बटाटा? तर म्हणाली, वासाचं काही नको नेऊस, पक्की हो आधी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आयांना कळतं. एवढं करून माझा डबा मी एकटीच खायचे, तो भाग वेगळा.

शाळेत आम्ही तिघं. हेडसर, दुसरे एक गुरुजी आणि मी. हेडसर फार भला माणूस, हे मी आजही शपथेवर सांगेन. चिंचवडहून स्कूटरवर यायचे, इस्त्रीचा शर्ट, तोंडात कायम लवंग. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही काही काळजी करू नका. गावाचं सगळं मी सांभाळतो, तुम्ही फक्त वर्गाकडे बघा." मला वाटलं, देवमाणूस भेटला. शाळेत तेव्हा नुकती शिजवलेली खिचडी सुरू झाली होती, आणि नियम असा की पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकाने चव घ्यायची. कुठेतरी खिचडीने पोरं आजारी पडल्याचं पेपरात आलं होतं, तेव्हापासून साहेबलोक याबाबत फार कडक. म्हणून व्हरांड्यात बोर्ड होता, खडूने लिहिलेला, कुणाचा कोणता वार. गुरुवारपुढे माझं नाव. हेडसर मला हळूच म्हणाले, नाव नियमासाठी आहे, तुमच्या वारी मीच चव घेत जाईन, उगाच कुणाच्या डोळ्यांवर नको. मी मान डोलावली. मला अपमान वाटला का? खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं आठवलं की आज अंगाचा तिळपापड होतो, पण वाटलं ते वाटलं.

खिचडी करायला पारूमावशी होत्या. गावातल्याच, मोठ्या भावकीतल्या, पण नवरा गेलेला आणि दिरांनी जमिनीच्या पैशांतून हात झटकलेले. या कामावर त्यांची चूल चालायची. कपाळ मोठं, आवाज घोगरा, बोलणं कमी. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या चूल पेटवायच्या, लाकडं ओली असली की रॉकेल शिंपडून, त्यामुळे त्या शेडला बारा महिने रॉकेलचा वास. वर्षभरात माझ्याशी त्यांची दहा वाक्यंही झाली नसतील. मी समोरून आले की त्या पदर सावरून बाजूला व्हायच्या. मीही व्हायचे.

त्या गुरुवारी गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते, आणि सकाळी सकाळी हेडसरांना तालुक्याहून बोलावणं आलं. जाता जाता त्यांनी स्कूटर थांबवून मला सांगितलं, खिचडीचं मावशी बघतील, तुम्ही तिकडे जाऊच नका. मी चारही वर्ग एका व्हरांड्यात बसवले. नेमके त्या दिवशी समितीचे अध्यक्ष आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. बरोबर दोन माणसं. पत्र्याच्या दुरुस्तीचं बोलायला आले होते, हेडसर नाहीत म्हटल्यावर परत जायच्या ऐवजी लिंबाखाली बसून राहिले. पाढे घेताना सारखं त्यांच्याकडे लक्ष जात होतं. सकाळपासून तोंड कडू.

जेवायची वेळ झाली. पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली. पारूमावशींनी पातेलं बाहेर आणून ठेवलं, पण झाकण काढेनात, कारण चव घेतल्याशिवाय वाढायचं नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. आणि लिंबाखालून तात्यांनी सहज विचारलं, आज चवीचा वार कुणाचा रे पोरांनो? माझा पहिलीचा वर्ग त्याच वर्षी वाचायला शिकला होता, दिसेल ती पाटी वाचायचा. त्यांनी बोर्डावरचं माझं नाव वाचलं, एका सुरात, आडनावासकट. इतका सुंदर वाचला तो शब्द, जोडाक्षर न अडखळता. आणि मला वाटलं, जमीन फाटावी.

मी उठले.  रीत अशी की मावशी एका ताटलीत थोडी खिचडी काढून द्यायच्या आणि सर ती घेऊन बाजूला जायचे. मला सुचलंच नाही. मी झाकण काढलं, त्यांच्या हातातला डाव घेतला, खिचडी भरली, फुंकली आणि डावानेच तोंडाला लावली. आणि डाव परत पातेल्यात. आईने पाहिलं असतं तर पाठीत धपाटा घातला असता. आमच्या घरातही असं उष्टं कुणी करत नाही. पारूमावशींनी श्वास घेतला तो मला ऐकू आला. आणि त्याच क्षणी माझ्या तोंडात काहीतरी वेगळं लागलं. कडवट, तेलकट, जिभेच्या मागे चटका देणारं. रॉकेल.

की नव्हतं? हा प्रश्न मला तिथे उभ्या उभ्या पडला. तोंड तर सकाळपासून कडू होतं. वास म्हणावा तर शेडला रोजचाच. पुन्हा चव घ्यायची सोय नव्हती, तो डाव आता कुठल्या तोंडाने उचलणार? चांगल्या खिचडीला वाईट म्हटलं तर गावच्या बाईवर आळ घेतला म्हणून माझी नोकरी जाणार. आणि गप्प बसले आणि पोरांना काही झालं तर 'चव बाईंनी घेतली होती' हे पोलिसातसुद्धा सांगतील. माझ्या कानात दादांच्या प्रेससारखं आदळत होतं.

तात्या जवळ आले होते. रागावले नव्हते, तेच जास्त भीतीचं. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमी तर पातेलं उष्टं केलं."

"तात्या, खिचडीत रॉकेल आहे," मी म्हणाले. आवाज कसातरीच निघाला.

त्यांनी बरोबरच्या दोघांकडे पाहिलं. त्यातला एकजण हसला. मला कळलं, उष्टं केल्यावर आता सारवासारव करते आहे असंच यांना वाटतंय. खोटं कशाला बोलू, त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं. तात्या म्हणाले, असू द्या, चूक होते माणसाकडनं. आमची पोरं उष्टं खात न्हाईत, ती घरी जाऊन जेवतील. रूमवाल्या पोरांना वाढा, त्यांना काय, अन्न वाया कशाला घालवायचं? आणि त्यांनी गावातल्या पोरांना उठायची खूण केली. पोरं उठली. ओळीत उरली ती चाळीतली, ताटल्या मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत. त्यांना काय चाललंय ते अर्धंच कळत होतं. भूक तेवढी पुरती कळत होती.

मी पातेल्यापुढे जाऊन उभी राहिले. हे शौर्य वगैरे काही नव्हतं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. "कुणालाच वाढायची नाही," मी म्हणाले. "खोटं वाटत असेल तर तुम्ही कुणीही चाखून बघा."

बास, इथे सगळं अडलं. मी खरं बोलते की खोटं हे ठरवायला फक्त एक घास लागत होता, आणि तो घास त्या पातेल्यातून, त्या डावाने घ्यायचा होता. तात्या म्हणाले, आज गुरुवार, माझा उपास. दुसऱ्याला पित्ताचा त्रास निघाला. तिसरा चपला शोधायला लागला. कुणी माझी जात काढली नाही, एक अक्षर नाही. उष्टं हा शब्द इतका सोयीचा होता, त्याच्याआड सगळ्यांना उभं राहता येत होतं, आणि दोष तर माझाच, डाव तोंडाला मीच लावलेला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कंपनीच्या साइटवर जेसीबी घरघरत होता तेवढं आठवतं. तात्या शेवटी म्हणाले, "पारू, तू वाढ. बाईंना बाजूला बसव."

पारूमावशी पुढे आल्या. मला वाटलं, आता ही माझा दंड धरणार. त्यांनी मला ओलांडून पातेल्यातला तोच डाव उचलला. खिचडी घेतली, फुंकली, आणि माझ्यासारखीच डावाने तोंडात घातली. सगळ्यांसमोर. चावत राहिल्या. त्यांचा चेहरा बदलत गेला तो मी हातभर अंतरावरून पाहिला, आणि मला कळलं की ही बाई माझ्याइतकीच भ्यालेली आहे. कारण त्या 'चांगली हाय' म्हणाल्या असत्या तर त्यांचं काम राहणार होतं आणि माझं जाणार होतं. एवढं सोपं होतं.

त्या बाजूला थुंकल्या. "बाई खरं बोलत्यात," म्हणाल्या. "रॉकेलच हाय. कॅन तांदळाच्या पोत्यावर कलंडला व्हता सकाळी. वरचा तांदूळ काढला, वाटलं निघालं आसंल. माझ्या हातनं झालंय हे."

मग त्यांनी आणि मी ते पातेलं दोन्ही कडांना धरून शेडमागे नेलं आणि खड्ड्यात उपडं केलं. गरम कड मला पोळत होती तरी सोडवेना. एक सांगितलंच पाहिजे, तात्यांनी बरोबरच्या एका माणसाला दुकानात पिटाळलं आणि सगळ्या पोरांसाठी, रूमवाल्यासुद्धा, बिस्किटं आणि केळी मागवली. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. खड्ड्याजवळ पारूमावशी मटकन खाली बसल्या. आता मला काढतील, म्हणाल्या. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण माझा हात अर्ध्यात थांबला, एवढं झाल्यावरसुद्धा. मी नुसतीच शेजारी बसले आणि म्हणाले, हेडसर आज इथे असते तर हे एवढं वाढलंच नसतं. मी वेडी असल्यासारखं मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"सर असते तर पोरांनी खाल्ली असती," त्या म्हणाल्या. "सर कवा चाखत्यात? ताटली घेत्यात आन मागल्या कट्ट्यावर ठिवत्यात. कुत्रं खातं."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.  वर्षभर माझ्या वारी 'मी सांभाळतो' म्हणणारा तो भला माणूस कुणाच्या वारी काय सांभाळत होता? त्या दिवशी ते शाळेत असते तर मी खाली मान घालून पाढे घेत बसले असते, सुटल्यासारखं वाटून घेत, आणि व्हरांड्यात पोरं रॉकेलची खिचडी जेवली असती. भुकेली पोरं चवीला थांबत नाहीत. ही भीती सकाळच्या भीतीपेक्षा वेगळी होती, आणि ती मला पुढे कितीतरी वर्षं झोपेतून उठवत राहिली.

संध्याकाळी घरी सगळं ओरडून सांगावं लागलं, नाहीतर दादांना कळणार कसं? उष्टं, रॉकेल, उपास, सगळं. आळीने ऐकलं. आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, नको ती नोकरी, शिकवण्या घे. दादांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, आमच्या कँटीनला शिफ्ट सुटली की एकाच काउंटरवर सगळे तुटून पडायचो, कोण कुणाच्या मागे बघायला वेळ नसायचा, मला वाटलं होतं तुझ्या वेळेपर्यंत बाहेरही तसंच होईल. एवढं बोलून त्यांनी पेपर उचलला, पण पान उलटलं नाही. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. स्वतःसाठी वाटलं त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी ऑफिसात बोलावलं. त्यांना तात्यांचा फोन आला होता. ते खरंच कळवळले होते, मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, मावशींचं मी बघतो, कामावरून काढू देणार नाही, आणि शेऱ्याचीही चिंता नको. बोर्डावरचं तुमचं नावच पुसून टाकतो, म्हणजे पुन्हा कटकट नाही. पुढे मी स्वतः शाळाशाळांतून नव्या शिक्षकांना सांभाळायच्या कामावर होते, प्रशिक्षणांत आधार देणे, सामावून घेणे यावर तासन्‌तास ऐकलं, दुसऱ्यांना ऐकवलंही. प्रत्येक वेळी मला ते ऑफिस आठवायचं, लवंगेचा वास, आणि मनापासून माझं भलं करायला निघालेला तो माणूस, हातात ओला डस्टर घेऊन.

"नाव राहू द्या, सर," मी म्हणाले. "आणि गुरुवारी मीच खाणार."

ते म्हणाले, विचार करा, अजून दीड वर्ष जायचंय तुमचं. धमकी नव्हती ती, काळजी होती. मी म्हटलं, विचार केलाय. केला नव्हता. तोंडातून निघून गेलं.

पुढचा गुरुवार येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. त्या दिवशी गावातली सात-आठ पोरं घरून डबे घेऊन आली होती, चकचकीत नवे डबे, मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. हेडसर ऑफिसातच बसून राहिले. पारूमावशींनी पातेलं आणलं, झाकण काढलं, ताटलीत खिचडी काढली आणि माझ्या हातात दिली.  सगळी पोरं बघत होती. मी पटकन घास घेऊन मोकळी होणार, तेवढ्यात मावशी माझ्यापुढे उभ्या राहिल्या, पोरांकडे पाठ करून, म्हणजे मी कुणाला दिसू नये अशा.

"सावकाश चाखा," त्या म्हणाल्या. "पोरांनी खायचंय."